विज्ञानाची बातमी तपासायची कशी? नववी ते बारावीसाठी बातमीवहीची पद्धत

'विज्ञानाची एक बातमी वाचून त्यावर तुमचं मत लिहून आणा,' एवढंच सांगितलं की वर्गातल्या बहुतेक वह्यांत एकच मजकूर येतो. बातमीचा पहिला परिच्छेद जसाच्या तसा, आणि खाली 'विज्ञानाची ही प्रगती पाहून अभिमान वाटतो' नाहीतर 'विज्ञान शाप की वरदान हे आपल्याच हातात आहे.' पोरांचा यात फारसा दोष नाही. बातमीत शोधायचं काय, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

शोधायच्या गोष्टी दोनच: मोजलं काय आणि म्हटलं काय. विज्ञानाच्या जवळपास प्रत्येक बातमीत या दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या काढता आल्या तर समीक्षा निम्मी झाली. खालची सगळी पद्धत त्यासाठीच आहे. ती कोल्हापुरातल्या साध्या शाळेत, ६० मुलांच्या वर्गात आणि ३५ मिनिटांच्या तासात बसेल अशी ठेवली आहे.

तयारी

चौघांचा एक गट, म्हणजे ६० मुलांचे १५ गट. आठवड्यातून एक तास ठरवून घ्या. त्यात ५ गटांनी प्रत्येकी ५ मिनिटं बोलायचं आणि उरलेली १० मिनिटं प्रश्नांना. प्रत्येक गटाची पाळी तीन आठवड्यांनी येते, आणि एक बातमी नीट तपासायला एवढा वेळ लागतोच. दर आठवड्याला प्रत्येकाकडून एकेक बातमी मागितली, तर दुसऱ्याच आठवड्यापासून उतरवून काढणं सुरू होतं.

गटाला २०० पानी फुलस्केप वही एकच. डाव्या पानावर कात्रण, उजव्या पानावर चार रकाने: 'मोजलं', 'म्हटलं', 'मूळ स्रोत', 'आमची शंका'. उजव्या पानाचा खालचा चौथा भाग कोरा सोडायचा, त्याचं काम शेवटी आहे. कात्रण कापतानाच त्याच्या कडेला पेपरचं नाव, तारीख आणि पान क्रमांक लिहा. नंतर लिहू म्हटलं की तारीख कायमची जाते, आणि तारखेशिवाय कात्रणाला किंमत नाही. डिंक फक्त कडांना लावा. सगळीकडे फासला की कागद आकसतो आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत पानं एकमेकांना चिकटतात. घरी केलेली पिठाची खळ तर नकोच, दिवाळीपर्यंत वहीला कसर लागते.

घरी पेपर येत नसेल तर वाचनालय आहेच. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासून सुरू आहे. वाचनालयातल्या पेपरला कात्री लावायची नाही, मजकूर हाताने उतरवायचा किंवा परवानगी घेऊन फोटो काढायचा, हे मात्र मुलांना आधीच बजावून ठेवावं लागतं.

पहिली बातमी पंचगंगेची

सुरुवात अवकाशापासून करू नका. जुलैत रोज पेपरात येणारी राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी घ्या. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापूरच्या पोरांना पाठ असतात. पण '४३ फूट' म्हणजे कुठून कुठपर्यंत, असं विचारलं की वर्ग गप्प. ती बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवरची पातळी आहे, रस्त्यावरच्या पाण्याची खोली नव्हे. 'हे मोजलं कुठे आणि कशानं' हा प्रश्न इथंच अंगवळणी पाडायचा.

आता एक गणित. समजा, सकाळी ८ वाजता पातळी ३८ फूट ४ इंच होती आणि रात्री ८ वाजता ३९ फूट १० इंच झाली. बारा तासांत १८ इंच, म्हणजे तासाला दीड इंच. बातमीचा मथळा म्हणतो, 'उद्या सकाळपर्यंत धोका पातळी ओलांडणार.' धोका पातळीला ३ फूट २ इंच, म्हणजे ३८ इंच बाकी आहेत. याच वेगानं त्याला २५ तासांहून जास्त लागतील. मग मथळा खोटा का? तसंही नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले तर वेग बदलतो. म्हणजे 'ओलांडणार' हे मोजमाप नाही, तो अंदाज आहे, आणि तो कशावर आधारलाय ते बातमीत दिलंय का, हे बघायचं. दिलं नसेल तर ती 'आमची शंका' रकान्यातली पहिली ओळ.

इथं हमखास होणारी चूक म्हणजे ४१ फूट ६ इंच हे ४१.६ असं लिहिणं. ते ४१.५ फूट होतात. आणि पुरात घर सोडायचं की नाही हे प्रशासनाच्या सूचनेवर ठरतं, वहीतल्या गणितावर नाही, हेही त्याच तासाला सांगून टाका.

बातमी निवडताना

बातमीत तीन गोष्टी हव्यातच: निदान एक आकडा, संशोधन करणाऱ्या संस्थेचं किंवा माणसाचं नाव, आणि ते कुठे व कधी जाहीर झालं याचा उल्लेख. 'संशोधनातून सिद्ध झाले आहे' एवढ्यावर थांबणारी बातमी बाजूला ठेवा. 'तज्ज्ञ सांगतात' म्हणत शेवटी एखाद्या काढ्याच्या बाटलीवर उतरणारा मजकूर ही बातमी नव्हे, जाहिरात.

बातमी गेल्या तीन महिन्यांतली असावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या मजकुराची तारीख आधी बघा. 'येत्या २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार' हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचं मूळ खरं आहे: २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. दुर्बिणीतून ७५ पट मोठा करून पाहिला तर तो साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल, असं मूळ वाक्य. दुर्बीण गळाली, वर्ष गळालं, निरोप मात्र राहिला.

निळी रेघ, लाल रेघ

हा या पद्धतीचा गाभा आहे, इथं घाई करू नका. कात्रणात जे मोजलं, पाहिलं, नोंदवलं त्याखाली निळी रेघ. ज्याचा अर्थ लावला, अंदाज केला, आशा व्यक्त केली त्याखाली लाल. 'शकते', 'शक्यता', 'संकेत', 'मानले जाते' असे शब्द दिसले की वाक्य बहुधा लाल.

नमुन्यासाठी एप्रिल २०२५ मधली गाजलेली बातमी घेऊ: के२-१८बी या ग्रहावर जीवसृष्टीच्या खुणा. केंब्रिज विद्यापीठाच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाचं हे काम. ग्रह १२४ प्रकाशवर्षं दूर, पृथ्वीच्या सुमारे २.६ पट त्रिज्येचा आणि ८.६ पट वस्तुमानाचा.

निळ्यात काय येतं? ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो. तो कोणत्या तरंगलांबीला किती कमी झाला, हे जेम्स वेब दुर्बिणीनं नोंदवलं. बस्स. मोजलेलं एवढंच.

बाकी सगळं लाल, पण लालमध्येही पायऱ्या आहेत आणि त्या मुलांकडून फळ्यावर मांडून घ्यायच्या. पहिली पायरी: हा आलेख डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्यासारख्या एका वायूशी जुळतो. दुसरी: म्हणजे तो वायू तिथं असावा. तिसरी: पृथ्वीवर हा वायू प्रामुख्यानं समुद्रातले सूक्ष्म सजीव तयार करतात, म्हणून तिथंही सजीव असावेत. मथळा थेट तिसऱ्या पायरीवर उभा असतो. आता प्रत्येक पायरीला विचारा, 'दुसऱ्या कशामुळे असं होऊ शकेल का?' तिसरीला तर उत्तर तयारच आहे: ६७पी या धूमकेतूवरही हा वायू असल्याचं रोझेटा यानाच्या नोंदींतून २०२४ मध्ये मांडलं गेलं, आणि धूमकेतूवर शेवाळ नाही. पहिल्या पायरीलाही धक्का बसला. इतर गटांनी तीच नोंद पुन्हा तपासली आणि पुरावा पुरेसा नसल्याचं म्हटलं.

अंतराचा अंदाज यावा म्हणून एक गणित द्या. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. त्याला १२४ नं गुणा. आकडा वहीत मावेल, डोक्यात मावणार नाही. त्यापेक्षा उलटं सांगा: २०२५ मध्ये दुर्बिणीत शिरलेला तिथला प्रकाश १९०१ च्या सुमारास निघाला, तेव्हा कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचं राज्य होतं.

मूळ कागदापर्यंत

बातमी ही तिसऱ्या हाताची असते. शोधनिबंध, मग संस्थेचं प्रसिद्धिपत्रक, मग वृत्तसंस्था, मग आपला पेपर. उलट्या वाटेनं निदान प्रसिद्धिपत्रकापर्यंत तरी जायचं. भारतीय मोहिमांसाठी इस्रोचं संकेतस्थळ आणि केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय (पीआयबी). बाकी संशोधनासाठी शास्त्रज्ञाचं आडनाव, विषयाचे दोन शब्द आणि वर्ष गूगल स्कॉलरवर टाकलं की निबंधाचं पान बहुतेक वेळा सापडतं. पूर्ण निबंध पैसे मागत असेल तर मागू दे, सारांश फुकटच असतो.

सारांश इंग्रजीत असतो, आणि मराठी माध्यमाची मुलं इथं माघार घेतात. त्यांना सगळा वाचायला लावू नका. तीनच वाक्यं शोधायची: काय केलं, आकडा कोणता मिळाला, आणि लेखकांनी स्वतः कुठे हात आखडता घेतलाय. तिसरं वाक्य बातमीत बहुतेकदा नसतंच, म्हणून ते सापडणं हीच मोठी कमाई. भाषांतरासाठी फोनची मदत घ्या, पण आकडे मूळ पानावरूनच उतरवा.

एक खूण नीट बघायची: निबंध इतर तज्ज्ञांनी तपासून नियतकालिकात आलाय, की अजून कुणी न तपासलेला मसुदा आहे? जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी एलके-९९ नावाच्या पदार्थाचा असाच मसुदा अर्काइव्ह (arXiv) या मसुद्यांच्या संकेतस्थळावर टाकला. साध्या हवेच्या दाबाला, सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिवाहक, म्हणजे विजेला रोध शून्य, असा दावा. जगभर गाजावाजा झाला. मग प्रयोगशाळांनी तो पदार्थ स्वतः बनवून पाहिला, त्यात दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळाही होती. अतिवाहकता कुणालाच ठामपणे दाखवता आली नाही. विद्युतरोध अचानक घसरण्यामागे नमुन्यात मिसळलेलं कॉपर सल्फाइड असल्याचं ऑगस्टमध्येच पुढं आलं. मसुदा असणं हा गुन्हा नाही. पण 'मूळ स्रोत' रकान्यात 'मसुदा' हा शब्द ठळक अक्षरांत हवा.

खात्री किती, प्रमाण किती

इथं हुशार मुलंही अडखळतात, शिक्षकही. के२-१८बीच्या निष्कर्षाला 'तीन सिग्मा' खात्री होती. म्हणजे निव्वळ योगायोगानं असा संकेत दिसण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के. याचं वहीत हमखास रूपांतर होतं: 'तिथं जीवसृष्टी असण्याची शक्यता ९९.७ टक्के.' साफ चूक. तो आकडा आलेखातल्या संकेताबद्दल आहे, जीवसृष्टीबद्दल नाही. शोध लागला असं म्हणायला सहसा पाच सिग्मा लागतात, म्हणजे योगायोगाची शक्यता ०.००००६ टक्क्यांहून कमी.

दुसरा गोंधळ आरोग्याच्या बातम्यांत होतो. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं अ‍ॅस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा '२बी' गटात टाकला. 'कदाचित कर्करोगकारक' असा तो गट. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, किती खाल्लं तर किती धोका ते सांगत नाही. त्याच वेळी दुसऱ्या समितीनं रोजची मर्यादा बदलली नाही: शरीराच्या वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम. आता मुलांनी स्वतःच्या वजनाचं गणित करायचं. ४५ किलो वजनाला १८०० मिलिग्रॅम. एका कॅनमध्ये ३०० मिलिग्रॅम धरलं तर ६ कॅन, तेही रोज. एवढं केल्यावर 'डाएट पेयांनी कर्करोग' या मथळ्याचं वजन मुलं आपोआप ओळखतात. (६ कॅन पिऊन बघू, असं म्हणणारा एक तरी प्रत्येक वर्गात असतोच.)

तिसरा प्रकार म्हणजे बदलणारी शक्यता. २०२४ वायआर४ हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडला. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता वाढत १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ३.१ टक्क्यांवर गेली आणि आठवडाभरात ०.००४ टक्क्यांवर आली. 'शास्त्रज्ञांनी शब्द फिरवला' हे वाक्य लगेच येतं. फळ्यावर आकृती काढा. लघुग्रह ज्या पट्ट्यातून कुठूनही जाऊ शकतो तो पट्टा १०० एकक रुंद आणि पृथ्वी १ एकक, तर शक्यता १ टक्का. निरीक्षणं वाढली, पट्टा ३३ एककांवर आला, पृथ्वी अजून त्यातच आहे, शक्यता ३ टक्के. आणखी निरीक्षणं आली, पट्टा आणखी आकसला आणि पृथ्वी त्याच्या बाहेर पडली. शक्यता जवळपास शून्य. कुणाचीही चूक नाही. आकृती खरीपेक्षा सोपी आहे, पण नववीला पुरते.

हातानं करता येईल ते करा

'चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर उतरलं,' असं सगळ्यांच्या तोंडी आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम लँडर उतरला तो सुमारे ६९.३७ अंश दक्षिण अक्षांशावर. ध्रुव ९० अंशावर. चंद्राची त्रिज्या १,७३७ किलोमीटर, त्यावरून परीघ काढा, ३६० नं भागा: एका अंशाला सुमारे ३०.३ किलोमीटर. २०.६३ अंशांचे जवळपास ६२५ किलोमीटर. कोल्हापूरहून बेंगळुरूला रस्त्यानं जायला साधारण एवढंच अंतर पडतं. 'ध्रुवावर' नव्हे, 'ध्रुवाकडच्या भागात.' यानं मोहिमेचं मोल तसूभरही कमी होत नाही, पण वही नेमकी होते.

२०२५ च्या जून-जुलैत शुभांशू शुक्ला यांनी अवकाश स्थानकावर मूग आणि मेथीला मोड आणले. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा तो प्रयोग. आपल्याला गुरुत्वाकर्षण बंद करता येत नाही, दिशा मात्र बदलता येते. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत आतून टिपकागद लावा, कागद आणि काच यांच्यामध्ये ८ तास भिजवलेले १० मूग अडकवा, तळाला बोटभर पाणी. मुळं साधारण २ सेंटिमीटर झाली की झाकण लावून बरणी आडवी करा. दुसऱ्या दिवशी मुळांची टोकं खाली वळलेली दिसतात. पाणी जास्त झालं की मूग कुजून वास येतो, म्हणून बरणी आडवी करण्यापूर्वी जादा पाणी ओतून टाका, कागद नुसता ओला राहू दे. पावसाळ्यात बुरशी लवकर धरते, मऊ पडलेला दाणा लगेच काढा. एकाच मुगावर निष्कर्ष लिहायचा नाही, दहापैकी किती वळले ते लिहायचं.

चिंतनाची पाच वाक्यं

चिंतन म्हणजे निबंध नव्हे. पाच वाक्यं पुरेत, पण ती त्याच बातमीची हवीत. चाचणी सोपी आहे: बातमीचं नाव झाकून वाक्य वाचा. दुसऱ्या कुठल्याही बातमीखाली ते चालत असेल तर खोडा. 'विज्ञानानं मानवाचं जीवन सुकर झालं' या चाचणीत कधीच टिकत नाही.

पाच वाक्यांची सुरुवात अशी करून द्या: 'वाचण्याआधी मला वाटत होतं की…', 'तपासल्यावर कळलं की…', 'अजून मला पटत नाही ते…', 'हे खरं ठरायला पुढं … दिसायला हवं', 'पुस्तकातल्या … धड्याशी याचा संबंध असा…'. चौथं वाक्य सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत मोलाचं. के२-१८बीसाठी एका मुलीनं 'अजून संशोधन व्हायला हवं' असं लिहिलं तर परत द्या. 'त्याच दुर्बिणीनं आणखी निरीक्षण करून खात्री पाच सिग्मापर्यंत जायला हवी, आणि वेगळ्या गटानं तीच नोंद तपासून तोच वायू काढायला हवा' हे चालेल. पाचव्या वाक्यात धड्याचं नुसतं नाव नको. दहावीच्या 'प्रकाशाचे अपवर्तन' धड्यातलं अपस्करण (प्रकाश रंगांत विभागला जाणं) आणि ताऱ्याचा वर्णपट यांचा धागा जोडून दाखवायचा.

तोंडी आणि गुण

पाच मिनिटांत: एक मिनिट बातमी, दोन मिनिटं निळं-लाल, एक मिनिट शंका, एक मिनिट चिंतन. कोण बोलणार ते शिक्षकानं आयत्या वेळी ठरवावं, नाहीतर चौघांतला एकच वर्षभर बोलतो आणि तिघं फळ्याशेजारी उभे राहतात.

चॅटजीपीटीकडून तयार मजकूर येणार, हे धरूनच चला. बंदी घालून उपयोग नाही. हातानं लिहिलेली वही, कात्रणावरच्या रेघा आणि दोन तोंडी प्रश्न एवढं पुरतं: 'हा आकडा कुठल्या पानावर दिसला?' आणि 'लाल रेघ इथं का?' ज्यानं स्वतः केलंय तो लगेच वहीत बोट ठेवतो.

गुण २० धरले तर 'मोजलं' आणि 'म्हटलं' वेगळं काढण्याला ८, मूळ स्रोताला ४, शंकेला ३, चिंतनाला ५. सजावटीला शून्य. हे पहिल्याच दिवशी जाहीर करा, नाहीतर स्केचपेननं रंगवलेल्या मथळ्यांवरच सगळा रविवार जातो.

कोरा ठेवलेला चौथा भाग

तीन महिन्यांनी त्याच बातमीकडे परत जायचं. तोच शोध घ्यायचा, नवं काय आलं ते तारखेसह खालच्या कोऱ्या जागेत लिहायचं: दावा टिकला, बारगळला, की कुणी पुन्हा तपासलाच नाही. तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त निघतो, आणि 'काही सापडलं नाही' हीसुद्धा नोंदच आहे, फक्त कुठे कुठे शोधलं ते लिहायला हवं. जुलैच्या बातम्यांचा पाठपुरावा ऑक्टोबरात, सहामाही परीक्षा आटोपल्यावर ठेवा. ऑक्टोबरच्या बातम्यांचा जानेवारीत. फेब्रुवारीत दहावी-बारावीची मुलं वहीला हात लावणार नाहीत, तेव्हा त्या महिन्यात नवी बातमी देऊ नका. नववी-अकरावीकडे त्यांच्या वह्या सोपवा आणि उरलेले कोरे कोपरे त्यांच्याकडून भरून घ्या.